ताटी ओली, खिडकी उघडी

घराघरांत एसी आले म्हणून दारा-खिडक्यांत ओल्या करून लावायच्या वाळ्याच्या ताट्या, माठ आणि गच्चीवरच्या बाजा गेल्या, असं आपण सहज म्हणून जातो. माझ्या मते क्रम वेगळा आहे. आधी मातीच्या जाड भिंती आणि कवेलू, म्हणजे मातीची कौलं, गेले, डोक्यावर चार-पाच इंची स्लॅब आला, आणि दिवसभर बाहेर असलेलं ऊन रात्री घरात मुक्कामाला येऊ लागलं. एसी त्याच्या मागून आला. नागपूरच्या महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांत आणि सिव्हिल लाइन्सच्या उंच छताच्या बंगल्यांत मे महिना निभायचा, याला माणसांच्या सोशीकपणापेक्षा बांधकाम आणि पाणी जास्त कारणीभूत होतं. त्यातलं बरंचसं आजही करता येतं. मात्र कोणती गोष्ट का चालते हे कळलं नाही, तर ती अर्धवट केली जाते आणि मग "हे जुनं काही उपयोगाचं नाही" असा शिक्का बसतो.

मे महिन्यात नागपूरचा पारा ४२-४३ पर्यंत जातोच, वाईट दिवसांत ४५च्याही पुढे. पण या आकड्याइतकाच महत्त्वाचा दुसरा आकडा आर्द्रतेचा. भर दुपारी ती १५-२० टक्क्यांवर येते. मुंबईकर ज्याला उकाडा म्हणतात तो इथे नसतो, इथे झळा असतात. घाम येतो, पण दिसायच्या आत उडून जातो, आणि दोरीवरचे कपडे बघता बघता कडक होतात. या कोरडेपणाचा त्रास कापड गिरण्यांनाही व्हायचा, कारण कोरड्या हवेत सूत सारखं तुटतं. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये म्हणूनच हवा ओली ठेवणारी यंत्रं बसवली होती. माणसाच्या दृष्टीने मात्र हाच कोरडेपणा कामाचा, कारण कोरड्या हवेत पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं.

किती गारवा मिळू शकतो, याची हद्द मोजता येते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात धरा. हवा ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा ओला पारा साधारण २३ वर येऊन थांबतो. माठ, ताटी, कूलर, खिडकीला लावलेली ओली चादर, सगळ्यांची धाव या २३ पर्यंतच. त्याच्या खाली यांतलं काहीच जाऊ शकत नाही, मग जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो.

दुसरी बाब सूर्याची. नागपूर २१ अंश अक्षांशाच्या जरा वर आहे, त्यामुळे २६ मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. रोहिणी नक्षत्रात सूर्य शिरल्यावरचा नवतपाही, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, २५ मेच्या सुमारासच सुरू होतो. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की या दिवसांत सगळ्यात जास्त ऊन छत खातं. त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंती. दक्षिणेच्या भिंतीवर मे अखेरीस जवळपास ऊनच नसतं. उलट सूर्य वायव्येकडे झुकून मावळतो, त्यामुळे "उत्तरेची खिडकी म्हणजे सावली" असं मानणाऱ्यांच्या खोलीत पाचनंतर तिरपं ऊन येतं. खर्च आणि मेहनत करायची तर आधी छतावर, मग पश्चिमेच्या भिंतीवर. दक्षिणेच्या खिडकीला महागडे पडदे लावून पश्चिमेची भिंत तशीच ठेवणारी घरं पुष्कळ आहेत.

मातीची दीड-दोन फुटी भिंत उष्णता अडवते असं म्हणतात, पण ती अडवण्यापेक्षा उशीर करते. दुपारचा ताप आतल्या बाजूला पोचेपर्यंत मध्यरात्र उलटते. तोवर बाहेरची हवा २८-३० वर आलेली असते, दारं-खिडक्या उघडी असतात आणि घरातली माणसं अंगणात किंवा गच्चीवर झोपलेली असतात. वर कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाते. म्हणून तर कवेलूचं छप्पर दरवर्षी फेरावं लागायचं, आणि त्याच फटींचा उन्हाळ्यात फायदा व्हायचा. बंगल्यांत हेच काम छताजवळच्या रोशनदानांचं. ती आज धूळ येते म्हणून काच लावून बंद केलेली दिसतात. मग उंच छताचा अर्धा फायदा गेलाच.

चार इंची स्लॅबचं गणित याच्या नेमकं उलट आहे. दुपारी त्याचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे तापतो, आणि जाडी कमी असल्याने तो ताप तीन-चार तासांत खाली उतरतो. संध्याकाळी बाहेर बरं वाटू लागतं, तेव्हा खोलीचं छत सगळ्यात जास्त तापलेलं असतं. अशा खोलीत सीलिंग फॅन पाचवर ठेवला की तो छताजवळची गरम हवा खाली ओढून अंगावर टाकतो. वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी संध्याकाळी फॅन मंद ठेवावा, टेबल फॅन खिडकीत तोंड बाहेर करून लावावा आणि समोरची दुसरी खिडकी उघडावी.

स्लॅबवर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. कळीचा चुना आणायचा, एका किलोला साधारण ५ लिटर पाणी. ड्रममध्ये आधी पाणी घ्यायचं आणि त्यात चुना थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही. तो उकळतो आणि उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून चष्मा हवाच आणि मुलं लांब हवीत. प्लॅस्टिकची पातळ बादली या उष्णतेने वितळते, लोखंडी ड्रम बरा. २४ तास तसाच ठेवून जाडसर फडक्यातून गाळायचा आणि डिंकाचं किंवा सरसाचं पाणी मिसळायचं. एक जाड हात देण्यापेक्षा दोन-तीन पातळ हात टिकतात. चुना पावडर होऊन निघतो, अशी तक्रार नेहमी येते. तिचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: दुपारी तापलेल्या कोरड्या गच्चीवर लावला. तिथे पाणी क्षणात उडतं आणि चुना धरायच्या आत सुकतो. गच्ची झाडून, धुऊन, ओली असताना, ऊन उतरल्यावर लावावा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हलकं पाणी शिंपडावं. हे काम होळीनंतर लगेच केलं तर सगळा मोसम मिळतो, मेमध्ये केलं तर अर्धा.

टिनाच्या छपराखाली राहणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. टीन काही साठवून ठेवत नाही. दुपारी भट्टी असतं, रात्री पटकन गार होतं. त्याला सावली लागते. छपरावर तुराट्या, पऱ्हाट्या (तुरीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या) किंवा पूर्व विदर्भात तणीस (धानाचा पेंढा) पसरायची पद्धत आहे. चालते उत्तम, पण हे सगळं वाळलेलं जळण आहे, आणि वरून विजेची तार जात असेल किंवा शेजारी चूल असेल तर हा उपाय नकोच. त्यापेक्षा आतून बांबूच्या चटईचं दुसरं छत बांधावं, टिनापासून किमान अर्धा फूट खाली, आणि दोन्ही टोकांना फट मोकळी ठेवावी. ती फट बंद केली की मधली हवा तापून बसते आणि चटईही तापते.

दारं-खिडक्यांची शिस्त फुकटची आहे, तरी तीच पाळली जात नाही. ताटी किंवा कूलर चालू नसलेल्या खोलीत सकाळी नऊच्या आत सगळं बंद, पडदे ओढलेले. सूर्य मावळून बाहेरची हवा आतल्यापेक्षा गार झाली की सगळं उघडं. पडदा काचेच्या आत लावला तर काचेतून आत आलेली उष्णता आतच राहते. जुन्या घरांतले बांबूच्या काड्यांचे चिक आणि लाकडी झडपा बाहेरून असायच्या, त्याचं कारण हेच.

आता गच्चीवर पाणी मारण्याविषयी. ऊन असताना, तीन-चार वाजता मारू नका. तापलेल्या स्लॅबवर एकदम गार पाणी पडलं की बारीक भेगा वाढतात आणि जुलैत त्याच गळतात. सूर्य गेल्यावर, साडेसहा-सातला, १०० चौरस फुटांना एक बादली शिंपडायची. ही पहिली बादली फक्त वरचा ताप घेते, पाणी कोमट होऊन वाहून जातं. वीस-पंचवीस मिनिटांनी दुसरी बादली, त्याआधी पन्हाळीच्या तोंडाला कापडाचा बोळा लावून, म्हणजे पाण्याचा पातळ थर राहतो. १०० चौरस फूट, चार इंची स्लॅबमधून १० लिटर पाणी पूर्ण उडालं तर हिशेबाने तो १२ अंशांनी उतरायला हवा. प्रत्यक्षात पाण्याला लागणारी काही उष्णता हवेतूनही येते, त्यामुळे उतार कमी मिळतो, तरी फरक पायाला कळतो. अंघोळीचं किंवा कपडे विसळलेलं पाणी यासाठी पुरेसं आहे. पूर्ण कोरडं झाल्यावर सतरंजी टाकावी, आणि जमिनीवर झोपण्यापेक्षा सुतळीची किंवा निवारीची बाज बरी, कारण खालूनही वारा लागतो. मच्छरदाणी बांधायची तर बाजेच्या चार पायांना काठ्या लावूनच. आणि मेअखेर साडेपाचला सूर्य उगवतो, त्यामुळे गच्चीवरची झोप तेवढ्यावरच संपते.

वाळ्याची ताटी म्हणजे आजच्या कूलरची आजी. बांबूच्या कामट्यांच्या दोन जाळ्या, मध्ये दोनेक इंच जाडीचा वाळ्याच्या मुळांचा थर, सुतळीने आवळून बांधलेला. ती वाऱ्याच्या बाजूच्या, म्हणजे इथे बहुधा पश्चिमेच्या दारात लटकवायची. पहिल्यांदा वापरताना तीन-चार तास पाण्यात बुडवून माती झटकून टाकावी लागते. मग वारा असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी पाणी. वरच्या कडेला भोकं पाडलेलं टिनाचं पन्हाळं ठेवून त्यात बादलीतून बारीक धार सोडली तर सारखं उठावं लागत नाही. बिघडते ती एकाच प्रकारे: मुळं ओली होऊन वजनाने खाली बसतात, वरच्या बाजूला मोकळी जागा होते आणि गरम हवा तिथूनच सरळ आत येते. दर आठवड्याला ताटी उजेडासमोर धरून बघायची, उजेड दिसेल तिथे मुळं भरायची. मोसम संपल्यावर कडक वाळवून ठेवली तर पुढच्या वर्षी पुन्हा चालते, दमट ठेवली तर बुरशी लागते.

ताटीची खरी अडचण म्हणजे वारा पडला की ती नुसती ओली चटई. एकोणिसाव्या शतकात साहेबांच्या बंगल्यांत यावर एक खोकं निघालं होतं, थर्मँटिडोट नावाचं. आत हाताने फिरवायचा पंखा, बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आणि फिरवायला दिवसभर एक नोकर. मध्य प्रांताचं सरकार मात्र यावर विसंबून नव्हतं. नागपूर राजधानी असली तरी उन्हाळ्यात कारभार पचमढीच्या थंड हवेत जायचा. आताही सरकार नागपूरला येतं ते हिवाळी अधिवेशनालाच, म्हणजे उन्हाच्या बाबतीत दोन्ही सरकारांची अक्कल सारखीच.

त्या खोक्यातल्या नोकराच्या जागी मोटर आणि पाणी शिंपडणाऱ्याच्या जागी पंप आला की झाला आपला पत्र्याचा कूलर. नागपुरात तो होळीनंतर खिडकीला लागतो. त्याची ताकद लोकांना कमी वाटते, म्हणून हा हिशेब देतो. मोठा कूलर मेच्या दुपारी तासाला ८ ते १० लिटर पाणी उडवतो. एक लिटर पाणी उडायला साधारण २४०० किलोज्यूल उष्णता लागते. १० लिटर म्हणजे साडेसहा किलोवॉटच्या आसपास, जवळपास दोन टनी एसीइतकं काम, आणि वीज लागते दोन-अडीचशे वॉट. फरक असा की एसी तीच हवा फिरवून पुन्हा गार करतो, कूलरची गार हवा एका फेरीत खिडकीबाहेर जाते. ती जायलाच हवी.

इथेच बहुतेक कूलर फसतात. "कूलरने चिकचिक होतं" म्हणणाऱ्यांच्या घरी जाऊन बघा, समोरची खिडकी बंद असते. बाहेरून आलेल्या हवेला निघायला वाट नसली की खोलीत दमटपणा साठतो, पाणी उडणं थांबतं आणि घामही वाळत नाही. मिनिटाला १००० घनफूट हवेला साधारण २ चौरस फूट उघडी जागा हवी, आणि ती कूलरच्या समोरच्या बाजूला. १० बाय १२ ची, १० फूट उंच खोली म्हणजे १२०० घनफूट. तिची हवा दोन मिनिटांत एकदा बदलली तरी पुरतं, म्हणजे मिनिटाला ६०० घनफूट. हॉलसाठीचा १८ इंची पंख्याचा कूलर एवढ्याशा खोलीला लावला तर आवाज आणि दमटपणा दोन्ही जास्त मिळतात. तपासायचं कसं? समोरच्या खिडकीत सुताचा धागा धरा. तो बाहेरच्या दिशेने आडवा झाला पाहिजे. दार आपोआप धाडकन आपटत असेल तर हवेला वाट कमी पडते आहे.

चांगल्या ताट्यांचा कूलर ओल्या पाऱ्यापर्यंतचं अंतर ८० टक्के कापतो. ४४ आणि २३ मध्ये अंतर २१, त्याचे ८० टक्के म्हणजे सतरा. हवा साधारण २७ ला बाहेर पडते. तुमच्या कूलरच्या तोंडाशी थर्मामीटर धरून ३२-३३ दिसत असेल तर दोष ताट्यांत आहे. वुडवूल, म्हणजे ताट्यांत भरलेले लाकडाचे बारीक तंतू, दरवर्षी बदलायचंच. दोन इंचांपेक्षा जाड भरू नका. ठासून भरलं की पंखा गुदमरतो आणि हवा कमी होते, विरळ भरलं की कोरडी हवा घुसते. उजेडाची परीक्षा इथेही तीच. नवीन वुडवूलमधून पहिल्या दिवशी तांबूस पाणी निघतं, ते टाकीतून पूर्ण काढून टाकावं, नाहीतर मोसमभर वास राहतो. पंप पंख्याच्या आधी पाच-दहा मिनिटं सुरू करायचा, म्हणजे ताट्या सगळीकडे भिजतात. बंद करताना उलटं, पंप आधी बंद आणि पंखा पंधरा-वीस मिनिटं चालू, म्हणजे ताट्या सुकतात आणि सकाळी कुबट वास येत नाही. वुडवूलऐवजी मिळणारे, मधाच्या पोळ्यासारखे हनीकॉम्ब पॅड जास्त वर्षं टिकतात, पण जड पाणी त्यांना लवकर मारतं.

जड पाण्याचं गणित लक्षात घ्या. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ६०० मिलिग्रॅम क्षार असतील आणि दिवसभरात १०० लिटर पाणी उडालं, तर रोज ६० ग्रॅम क्षार मागे राहतात. महिन्याला पावणेदोन किलोच्या वर. ते ताट्यांवर पांढरे होऊन बसतात, वरच्या पन्हाळ्याची भोकं बुजवतात, आणि मग ताटीचा अर्धा भाग कोरडा राहतो. टाकीत नुसती भर घालत राहिलं की पाणी रोज अधिक खारट होत जातं. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करावी, भोकं तारेने मोकळी करावीत. आठवड्यातून एकदा टाकी घासून कोरडी करणं तर डेंग्यूच्या डासांसाठीही गरजेचं आहे. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात आणि अंडी काठाला चिकटलेली असतात, त्यामुळे पाणी ओतून देणं पुरत नाही, ब्रशने घासावंच लागतं.

टाकीत बर्फ टाकायची हौस अनेकांना असते. ५ किलो बर्फ वितळून २३ अंशांपर्यंत येताना जेवढी उष्णता घेतो, तेवढी ०.९ लिटर पाणी उडताना जाते. मोठा कूलर हे काम पाच-सहा मिनिटांत करतो. बर्फाचे पैसे सरबतात घाला.

पंप चालू असून पाणी चढत नसेल तर बहुधा वुडवूलचा काडीकचरा पंपाच्या आतल्या छोट्या पंख्यात अडकलेला असतो. जाळी काढून साफ करा, पंपाभोवती कापडी जाळी बांधा. कूलरचा मोठा पंखा हाताने ढकलल्यावर सुरू होत असेल तर कपॅसिटर गेला आहे, जुन्यावर छापलेल्या क्षमतेचाच नवा घ्या. घरघर करत असेल तर बुशला तेल हवं.

आणि शॉक. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं जातात. लोखंडी बॉडी, ओली फरशी, अनवाणी पाय आणि २३० व्होल्ट, सगळं एका जागी. थ्री-पिन प्लग असून भागत नाही, घराचं अर्थिंग खरोखर लागलं पाहिजे आणि अर्थिंगची हिरवी तार बॉडीवरचा रंग खरवडून बोल्टने घट्ट बसवलेली हवी. रंगावर कसलेला बोल्ट म्हणजे अर्थिंग नसल्यासारखंच. बोर्डात ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळू लागली की आपोआप बंद होणारा स्विच, बसवा, इथे काटकसर नको. आणि पाणी भरताना, झाकण उघडताना, पंपाला हात लावताना प्लग काढायचा. नुसतं बटण बंद करून चालत नाही, कारण जुन्या वायरिंगमध्ये बटण कधी कधी न्यूट्रलवर असतं.

माठाकडे वळायचं तर पहिली सूचना: तो कूलरच्या खोलीत ठेवू नका. तिथली हवा आधीच ओली, माठातून पाणी झिरपून उडणार कुठे? ओसरीत, सावलीत, वाऱ्याच्या वाटेवर, तिवईवर ठेवा, खाली ओली वाळू. १० लिटर पाणी १५ अंशांनी गार करायला पाव लिटर पाणी उडालं तरी हिशेबात पुरतं. बाहेरून येणारी उष्णता धरून प्रत्यक्षात त्याहून जास्त उडतं, म्हणून माठ रोज थोडा रिकामा होतो. होत नसेल तर छिद्रं बुजली आहेत. नवा माठ आणल्यावर एक-दोन दिवस भरून ठेवून पाणी टाकून द्यावं, मातीचा वास आणि सैल कण जातात. आतून साबण कधीच लावू नये, माती तो शोषून घेते. बाहेरून नारळाच्या काथ्याने घासावं, पांढरे क्षार निघतात. एका उन्हाळ्यानंतर माठ गार करेनासा होतो तो या क्षारांमुळेच, त्यामुळे अक्षय तृतीयेला नवी घागर भरायची रीत व्यवहारातही सोयीची आहे. रांजणाला किंवा प्याऊवरच्या माठांना ओलं कापड गुंडाळतात, तेव्हा ते सुती हवं आणि ओलं राहिलं पाहिजे. वाळलेलं पोतं उलट वारा अडवतं.

अंगाच्या बाबतीत थोडक्यात. त्वचा साधारण ३५ अंशांची असते. हवा त्याहून तापली की उघड्या अंगाला लागणारा वारा उष्णता देतो, म्हणून गाडीवर कान, नाक, मान झाकून सुती दुपट्टा बांधतात. खिशातला कांदा काही करत नाही, तो जेवणात खा. पन्ह्यासाठी अर्धा किलो कैऱ्या उकडून गर काढा, गराइतका ते दीडपट गूळ, मीठ, जिरेपूड, वेलची. एका ग्लासाला दोन-तीन चमचे गर पुरे. तांब्या-पितळेच्या भांड्यात ठेवू नका, आंबटपणाने कळकतं. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झालं असेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ऊन लागलेला माणूस बरळू लागला, अंग तापून घाम थांबला तर तो उष्माघात. त्याला सावलीत नेऊन अंगावर पाणी आणि वारा घाला, १०८ ला फोन करा, शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका.

जूनच्या मध्यावर पाऊस आला की हे गणित उलटतं. ३२ अंश आणि ७५ टक्के आर्द्रतेला ओला पारा २८ वर असतो, म्हणजे कूलर जेमतेम तीन अंश खाली आणेल आणि खोली ओलीचिंब करेल. तेव्हा पंप बंद, नुसता पंखा. मग एखाद्या कोरड्या दिवशी कूलर उतरवा, वुडवूल फेकून द्या, टाकी घासून वाळवा, गंजलेल्या जागी पॉलिशपेपर मारून डांबराचा किंवा गंजरोधक रंगाचा हात द्या. मोटरच्या बुशला तेलाचे दोन-चार थेंब. पंप उघडून, कोरडा करून, कापडात गुंडाळून घरातच ठेवा, आणि पुढच्या वर्षी वीज लावायच्या आधी त्याचा आतला पंखा बोटाने फिरवून बघा. अडकलेला पंप तसाच सुरू केला की तो पहिल्याच दिवशी जळतो.